फिणीचं ताट

संक्रांतीला जयपुरात माणूस जमिनीवर सापडायचा नाही. म्हातारेकोतारेसुद्धा पतंग उडवायला गच्चीवर चढून बसायचे. द्वारकाबाई मात्र त्या दिवशी सकाळीच खिडक्या लावून घ्यायच्या. तरी "वो काटा!" अशी आरोळी आत यायचीच, आणि आली की त्यांच्या हातातलं लाटणं थांबायचं. मग आनंदराव टीव्हीचा आवाज वाढवायचे. विम्याच्या कचेरीतला माणूस, जन्मभर दुसऱ्यांचे अपघात तपासले. पण घरातल्या अपघाताबद्दल नवरा-बायकोत एक अवाक्षर निघालं नव्हतं.

द्वारकाबाई कराडच्या. बदलीबरोबर जयपूरला आल्या आणि टोंक रोडजवळ नवरतनमल सेठांच्या कोठीमागे दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहिल्या. सेठ जवाहिरे, बोलायला असे गोड की भांडायची सोय नाही. त्यांचा रणजीत आणि द्वारकाबाईंचा प्रथमेश एकाच गच्चीवर वाढले. फरक म्हणाल तर एवढाच, की मांजा संपत आला की प्रथमेश उरलेले वेढे मोजत बसायचा आणि रणजीत दुसरी चक्री मागवायचा.

२००५ सालच्या संक्रांतीला रणजीतचा पतंग कटला आणि लांबच्या लांब दोरा खाली रस्त्यावर उतरत गेला. चक्री प्रथमेशच्या हातात होती. तो भराभर गुंडाळायला लागला. साध्या घरातलं पोर ते, वीतभर मांजासुद्धा वाया घालवणार नाही! पण रणजीतनं झटका देऊन दोरा तोडला. "छोड ना यार, दूसरी चढाते हैं." आणि प्रथमेशनं तुटलेला दोरा तसाच खाली सोडून दिला. दोऱ्याचं एक टोक लिंबाच्या फांदीत अडकलं, दुसरं दिव्याच्या खांबाला, आणि विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातला एक फिटर स्कूटरवरून येता येता गळ्यानिशी त्यात सापडला. दवाखान्यापर्यंत पोचलाच नाही बिचारा.

पोलीस आले. सेठांनी त्यांना बैठकीत बसवून केशराचं दूध पाजलं. आभाळात हजार पतंग, दोऱ्यावर कुणाचं नाव लिहिलेलं असतं का? झालं, मिटलं. आठवड्याभरात रणजीत मामाकडे दुबईला गेला. प्रथमेशला कुठला आलाय दुबईतला मामा? सेठांच्या छत्रीखाली तोही कोरडा राहिला, हे खरं. पण तो लिंब रोज त्याच्या वाटेत उभा. गोपालपुऱ्याला कोचिंगला जाताना पोरगं मान खाली घालून पळत सुटायचं. त्या माणसाच्या घरी जाऊन सगळं सांगतो म्हणून तो उठला होता, तेव्हा द्वारकाबाईंनीच दार अडवलं. "एक शब्द काढशील तर माझं मेलेलं तोंड बघशील."

पुढच्याच महिन्यात सेठांनी काय करावं? त्या फिटरच्या बायकोला, भंवरीला, कोठीवर स्वयंपाकाला ठेवून घेतलं! राहायला खोली, दोन्ही मुलींची शाळा. सगळी गल्ली म्हणाली, देवमाणूस आहे हो. आणि दर संक्रांतीला कोठीतून भाडेकरूंकडे फिणीचं, तुपात तळलेल्या बारीक शेवयांच्या मिठाईचं, ताट येई ते भंवरीच्याच हातून. द्वारकाबाईंच्या टेबलावर हळदीकुंकवाचा करंडा मांडलेला असायचा. तो दिसला की भंवरी आपणहून दोन पावलं मागं सरकायची, आणि द्वारकाबाईंना वाटायचं, जमिनीनं पोटात घ्यावं.

प्रथमेश नोकरीला पुण्याला गेला तेव्हा जाताना एवढंच म्हणाला, "आई, मला सांगू दिलं नाहीस. आता तू सांग तिला. त्याशिवाय मी या घरात पाऊल टाकणार नाही." गेला तो गेलाच. दिवाळ्या आल्या नि गेल्या. द्वारकाबाई दर संक्रांतीला ठरवायच्या, आज सांगायचंच. आणि दर संक्रांतीला ताटात लाडू घालून तिला वाटेला लावायच्या.

यंदा मात्र त्यांनी मन घट्ट केलं. रणजीत लग्न करून परतला होता आणि सकाळपासून त्याच गच्चीवरून आरडत होता. ते ऐकून त्यांचं डोकंच फिरलं. भंवरी ताट घेऊन आली तशी त्यांनी दार लावून घेतलं.

"भंवरी, बस. तुझ्या माणसाचं... त्या दिवशी वरून जो दोरा..."

"बाईजी, नका बोलू."

भंवरीनं हात जोडले होते.

"तुला माहीत आहे?"

"त्या घरात मी रोट्या करते. रणजीतभैया दुबईला जायचे होते तेव्हाचं भांडण सेठाणीजी अजून उकरून काढतात. स्वयंपाकघराला काय कान नसतात?"

"आणि तरी तू त्यांच्यात राहतेस?"

"मला कुणी सांगितलेलं नाही ना, म्हणून राहते. तुम्ही सांगितलंत की मला ऐकावं लागेल. मग उद्या रणजीतभैयांच्या ताटात रोटी कशी वाढू? आणि नाही वाढली तर माझ्या पोरींना कुठं नेऊ?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "प्रथमेशभैयाला बोलवून घ्या. येऊ दे त्याला. मी त्याच्यासाठी वेगळी फिणी करून आणीन."

ती ताटासाठी उभी राहिली. भांडं रिकामं परत द्यायचं नाही ही कराडची रीत, म्हणून द्वारकाबाईंनी फिणी काढून घेतली आणि ताटात तिळाचे लाडू ठेवले. घाईत एक लाडू घरंगळत खाली गेला. भंवरीनंच तो उचलला, पदराला पुसला आणि ताटात ठेवून निघून गेली. द्वारकाबाईंना स्वतःची अशी लाज कधीच वाटली नव्हती. इतकी वर्षं त्या आपल्या जिवाची घालमेल कुरवाळत बसल्या होत्या, आणि ही बाई त्याच घरात रोज चूल पेटवत होती.

संध्याकाळी, दर संक्रांतीला येई तसा, प्रथमेशचा फोन आला.

"सांगितलंस?"

"तिला माहीत आहे रे. सगळं माहीत आहे. पण ऐकायचं नाही म्हणते. ऐकलं तर तिचं घर जाईल." त्यांना हुंदका आवरेना. "तू ये. तुला बोलावलंय तिनं. तुझ्यासाठी फिणी करणार म्हणते."

गच्चीवरून मोठी आरोळी उठली, ती फोनमधून पुण्यापर्यंत गेली असावी.

"कोण ओरडतंय?"

"रणजीत."

"मग आता मी कुणाला सांगू, आई?"