रुमालाखालचे इंग्रजी

दाऊद दलालाला इंग्रजी शिकवायचे मी कबूल केले, तेव्हा माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे!

अमरावतीच्या कापूसबाजारात त्याने वीस वर्षे सौदे जुळवले. रुमालाखाली हात घालायचा, समोरच्याची बोटे दाबून भाव सांगायचा, म्हणजे बाकीच्यांना कळायला नको; तोंडातून चकार शब्द नाही. पुढे अमेरिकेत लढाई पेटली, कापसाला सोन्याचे मोल आले आणि कापसामागून साहेब आले. साहेब काही रुमालाखाली हात घालीनात. दाऊदचे सौदे तुटू लागले. अकोल्याला एका इंग्रज पेढीत दुभाष्याची जागा निघाली, ती इंग्रजी व्याकरणाची परीक्षा घेऊन भरणार होते; तसा तो माझ्या दारात येऊन बसला. ही जागा हुकली तर बायको हाजराबीला घेऊन वलगावला सासऱ्याच्या घरी राहावे लागणार होते. त्यापेक्षा मरण बरे, असे तो म्हणे.

शब्द त्याने भराभर उचलले. गाडे अडले ते फ्रेज आणि क्लॉजपाशी. शब्दांच्या जुडीत करणारा आणि त्याचे करणे, दोन्ही असले तर क्लॉज. नसले तर फ्रेज. शंभरदा सांगितले असेल! पण हा गृहस्थ ‘इन द शेड ऑफ द ओल्ड नीम ट्री’ला क्लॉज म्हणे आणि ‘व्हेन ही केम’ला फ्रेज.

“काहून?” मी ओरडलो.

“लांब धाग्याचा माल वरचा राह्यते, मास्तर. हा तं आखूड हाय, म्हून फ्रेज.”

मी कपाळावर हात मारून घेतला. महिनाभर पालथ्या घड्यावर पाणी ओतले. शेवटी एका सकाळी संतापाने मीच त्याचा रुमाल ओढला आणि खाली हात घातला. “हे बोट करणारा, हे बोट त्याचं करणं. दोन्ही सापडले तं दोन्ही दाबा, दाऊदभाई!”

त्याने डोळे मिटले. मी वाचत गेलो, तो दाबत गेला. दहाच्या दहा बरोबर. मला भरून आले, खोटे कशाला बोलू?

परीक्षेला मीही अकोल्याला गेलो. पेढीच्या ओसरीवर पुण्याकडचा हेडक्लार्क बसला होता. शेजारी आणखी चार उमेदवार, सगळे बाजारातलेच दलाल. क्लार्कने वाचले, “व्हेन द रेन स्टॉप्ड.” दाऊदने रुमाल पसरला आणि त्याखालून हात पुढे केला.

“हे काय? लाच देता?”

“उत्तर हाय, सायेब.”

“तोंडानं सांगा!”

दाऊदने हात आणखी पुढे सरकवला. मी त्याच्या कानाशी लागलो. “बोला ना, बाप्पा!”

“चार जण आयकून राहिले, मास्तर. मोठ्यानं सांगितलं तं त्याईचा फायदा होईन.”

आता या माणसाला काय म्हणावे! क्लार्क पुढच्या उमेदवाराचे नाव पुकारणार, इतक्यात मी तणतणत खाली बसलो आणि रुमालाखाली दाऊदचा हात धरला. क्लार्क वाचू लागला, दाऊद दाबू लागला, मी मोठ्याने सांगू लागलो. क्लॉज. फ्रेज. क्लॉज. एकही चुकले नाही. दाऊदचा चेहरा खुलला. मीही खुळ्यासारखा हसत होतो.

क्लार्कने माझ्याकडे पाहिले. “दुभाष्यालाच दुभाषी लागत असेल, तर त्याला ठेवून मी काय करू? तुमचं नाव सांगा. जागा तुम्हाला देतो.”

रुमालाखाली दाऊदने माझा हात सोडला.