बघणाऱ्यानं बोलायचं नाय

सापगावात माझ्या शेजारी राहणारा हा माणूस बुद्धिबळाचा पंच आहे. शहापूर-मुरबाडच्या स्पर्धांत तो हात मागे बांधून, अनवाणी, टेबलांमधून फिरतो. रविवारी त्याच्या पडवीत डाव रंगला की आमच्यातला कुणीतरी हटकून ओरडतो, "उंट मार, उंट!" मग हा डोळे वटारतो. "बघणाऱ्यानं बोलायचं नाय. नायतर घरी जा."

यंदा त्याला परदेशातल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला पंच म्हणून बोलावणं आलं. म्हाताऱ्या वडिलांना माझ्यावर सोपवून तो गेला आणि मागे वडिलांनी अंथरूण धरलं. "त्याला कळवू नको रे, अर्ध्यातून निघून येल," ते म्हणाले. त्याचा फोन यायचा तेव्हा मी सांगायचो, "बाबा बरे हायत, झोपलेत. तू तिकडं बघ."

स्पर्धा संपण्याआधीच ते गेले. अग्नी चुलतभावाने दिला. मी कळवलं ते शेवटचा डाव आटोपल्यावर. खरं सांगतो, म्हाताऱ्याच्या शब्दाखातर नव्हे. आमचा माणूस तिकडे पंच आहे, हे मला गावभर मिरवायचं होतं.

परत आल्यावर त्याने मला काहीच विचारलं नाही. मागच्या रविवारी पडवीत कुणीतरी ओरडलं, "अरे, हत्ती जातोय!" आणि लगेच जीभ चावली. पटावरची नजर न उचलता हा म्हणाला, "बोल रे. दिसतंय तर बोलावं माणसानं."

बाकीचे हसले. मी उठून घरी आलो. त्याने थांबवलं नाही.