यांच्या इंजेक्शनची सूज

चेरीताल मोहल्ल्यातल्या मंडळींनो, दवाखान्यातूनच लिहून राहिली. घाबरू नका, हे आता बरे आहेत.

सीमेवरच्या लढाईमुळे यांच्या तोफगोळ्यांच्या फॅक्टरीत सुट्ट्या बंद आहेत. कंबर धरली म्हणून चार दिवसांपूर्वी यांनी गल्लीतल्या कंपाउंडरकडून कुल्ल्यावर इंजेक्शन घेतलं आणि ड्युटीवर गेले. जागा सुजली, ताप चढला, तरी म्हणायचे, "सुई टोचली की दुखतंच."

आज सकाळी यांना पँटही घालता येईना. मी पाहिलं, तर लाली मांडीपर्यंत उतरलेली आणि मधली कातडी काळपट पडलेली. ओढतच दवाखान्यात आणलं.

सर्जन बघताच म्हणाले, "दीदी, ऑपरेशन अभी करना पड़ेगा. देर हुई तो जान भी जा सकती है."

मी दोन तास ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी उभी होती. मग सर्जन बाहेर आले. "पस और सड़ा हुआ हिस्सा निकाल दिया. वक्त पर ले आईं आप." मी तिथेच खाली बसली आणि रडली.

शुद्धीवर आल्यावर यांना विचारलं, "काहून एवढं सहन केलं?"

"तिकडे सीमेवर पोरं लढून राहिली. मी सुईचं दुखणं काय सांगू?"

तुमच्या घरीही कोणी असंच गप्प बसलं आहे का? आज जरा विचारून बघा.