वाजवा, मंग जा

"तार हाय का, तार?"

अहेरीच्या रस्त्यावरच्या जंगल नाक्यावरचा नाकेदार आडवा बांबू उचलायच्या आधी मोटारीच्या खिडकीत डोकं घालून हे विचारायचा. परवाना, लाकूड, चोरीचा माल वगैरे सगळं नंतर. कोणाच्या गाठोड्यात एकतारी, तुणतुणं, काहीही तारेचं निघालं, की पुढचं वाक्य ठरलेलं. "वाजवा, मंग जा."

मी तेव्हा तिथल्या रेंज ऑफिसात कारकून होतो. त्या काळी तुमच्यापैकी कोणी चांद्याहून, म्हणजे आताच्या चंद्रपुराहून, तिकडे गेलं असेल, तर त्यालाही हा नाकेदार भेटला असेल. वर सरकारी खाकी सदरा, खाली घरचं धोतर.

एकदा 'तार' ऐकताच मोटारीतल्या एका बाईने रडायलाच सुरुवात केली. तार येते ती कोणी गेल्याचीच, एवढं तिला ठाऊक. त्याने तिला खाली उतरवून चहा पाजला, आणि तोवर मोटार थांबून राहिली. शेवटी डोळे पुसत ती म्हणाली, "भाऊ, मले मारूनच टाकलं होतं तुमी."

"चुकलो बाई," तो म्हणाला. "पन तुमच्या गावात किंगरी हाय का कोनाकडे?"

किंगरी म्हणजे परधानांचं, गोंडांची वंशगाणी गाणाऱ्या भाटांचं वाद्य. लाकडाच्या पोकळ पेटीवर ताणलेलं कातडं, वर तारा, आणि वाजवायला घोड्याच्या केसांचा गज. गस्तीवर असताना त्याने ती एका घरात आढ्याला खोचलेली पाहिली होती. कातडं उंदरांनी खाल्लेलं. घरधनी म्हातारा म्हणाला, "आता कोन आयकते? लगनात लोक भोंगा लावते." नाकेदाराने किंगरी दुरुस्तीला मागितली. म्हातारा किंगरीला एकटं सोडेना, म्हणून दोघंही नाक्यावर राहायला आली.

मग आला लाकडाच्या आरागिरणीतला पंजाबी मिस्त्री. फाळणीत घरदार सोडताना त्याने सारंगी तेवढी उचलली होती, गज वाटेत हरवला होता. त्यानंतर एक गोरा फिटर. बल्लारपूरच्या कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला, बांबूचं जंगल बघायला निघालेला. त्याच्या जीपमध्ये व्हायोलिन निघालं. नव्या देशाचा हा कायदाच असावा, अशा समजुतीने तो टोपी काढून भर रस्त्यात उभा राहिला आणि गंभीरपणे वाजवू लागला. पुढे त्या वाटेने आला, की कोणी न सांगता उतरून वाजवायचा. नाकेदार त्याला 'इंग्रजसाहेब' म्हणे. तो दर वेळी मान हलवून आपल्या देशाचं नाव सांगे. ते आमच्यापैकी कोणालाच उच्चारता आलं नाही.

आता सगळ्यांनी मिळून वाजवायचं ठरलं. भांडण लागलं ते षड्जावरून. मिस्त्रीचा सा म्हाताऱ्याला पटेना. फिटरने खिशातून सूर जुळवायचा दोन दात्यांचा लोखंडी काटा काढला आणि गुडघ्यावर आपटून कानाशी धरला.

"जेवाचा काटा वाजवून राह्यला," म्हातारा म्हणाला.

नाकेदाराने निवाडा दिला. चांद्याच्या मोटारीचा हॉर्न हाच सा. मोटार आली की सगळे तारा पिळायला बसत आणि नाकेदार ड्रायव्हरला सांगे, "अजून एक डाव. लांब धरा जरा." बांबू उचलला जावा म्हणून ड्रायव्हरही मन लावून हॉर्न धरी. ती मोटार बिघडून तिच्या जागी चढ्या हॉर्नची दुसरी आली, तेव्हा किंगरीची एक तार तुटली.

गजांना केस लागत. आसपास घोडी एकच, रेंजरसाहेबांची पांढरी. साहेब तिच्यावरून जंगलात फिरत. बघता बघता तिची शेपटी विरळ होऊ लागली. साहेबांनी चांद्याहून ढोरांचा डॉक्टर बोलावला. त्याने शेपटीला करंजीचं तेल चोळायला सांगितलं. ते काम नाकेदाराने आपण होऊन अंगावर घेतलं.

पावसाळ्याच्या तोंडी वनमहोत्सव आला. चहूकडे जंगल, आणि त्याच्या मधोमध साहेबांनी मोठमोठ्या सागांखाली सागाचंच एक रोप लावलं. मग नाकेदाराची मंडळी वाजवायला बसली. खरं सांगतो, आधी वंगण नसलेल्या बैलबंडीसारखं ऐकू आलं. लोक हसले. मग म्हाताऱ्याने डोळे मिटून गोंडीत गायला सुरुवात केली. मिस्त्रीची सारंगी त्याच्या मागोमाग निघाली, फिटरचं व्हायोलिन दोघांच्या वरून. मागे उभे असलेले गोंड शेतकरी एकेक करून खाली बसले. नाकेदार वाजवत नव्हता. त्याला वाजवता येतच नव्हतं. तो हात जोडून बसला होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

साहेब मात्र गजांकडे बघत होते. मग त्यांनी घोडीकडे पाहिलं.

"हे केस?"

"आपल्याच घोडीचे, साहेब."

"कोणाला विचारून काढले?"

नाकेदाराने प्रामाणिकपणे विचार केला. "घोडीलेच विचारलं होतं. ती काई बोलली नाई."

त्याची बदली सूरजागडच्या डोंगरांपलीकडे झाली. तिकडे ना मोटार जाई, ना जीप. म्हातारा किंगरी काखेत मारून त्याच्या बंडीत जाऊन बसला. "तुमची कुठी बदली झाली?" मी विचारलं. "मी सरकारी नाई. मले कोनी अडवू शकत नाई," तो म्हणाला. फिटर पुढे आपल्या देशी गेला, मिस्त्री नागपूरला.

दोन पावसाळ्यांनंतर तिकडून निरोप आला, नाकेदार तापाने गेला. त्याच्याकडचं सरकारी सामान ताब्यात घ्यायला मला जावं लागलं. त्याला जिथे अग्नी दिला होता, तिथे म्हातारा बसलेला होता. म्हणाला, "त्याचं कूळ कोनतं? बाप कोन, आजा कोन?"

परधान मेलेल्या माणसासाठी गातो, तेव्हा त्याच्या पूर्वजांची नावं घेतो. नावांशिवाय ते गाणं होत नाही. मी आठवून पाहिलं. आम्ही सगळे त्याला नाकेदारच म्हणत होतो; पगारपत्रकावर त्याचं नाव तेवढं होतं, बापाचं नाही. त्याने कधी घरचं सांगितलं नव्हतं, त्याला घरून कोणी भेटायलाही आलं नव्हतं.

"मले वाटलं, तुमाले माहीत असंल," म्हातारा म्हणाला.

मग त्याने किंगरी छातीशी धरली आणि गाऊ लागला. नावाची जागा आली की तोंड मिटायचा, गज उचलून धरायचा, एका नावाला लागतो तेवढा वेळ थांबायचा आणि पुढची ओळ घ्यायचा. बाप, आजा, पणजा. एकही जागा त्याने गाळली नाही.