गाडीला केलेला हात

नव्या लोकलच्या साहेबांनी माझ्या आईला फसवलं. स्टेशनसाठी आमचं वावर मागताना ते म्हणाले, "आजी, हायवेच्या कोंडीत अडकायला नको. गाडी इथंच थांबेल, लेकीकडे हवं तेव्हा जा." मी दरासाठी तावातावाने भांडत होतो. आई म्हणाली, "पुरे रे बाबा, गाडी येतीय न्हवं!"

फलाट झाला, गाड्या वाढल्या, पण इथे एकही थांबत नाही. शहराची कोंडी सुटली म्हणतात; सुटली असेल, आमच्या वावरातून. आई मात्र पिशवी घेऊन फलाटावर उभी राहते आणि एसटीला करावा तसा गाडीला हात करते. गाडी निघून गेली की हात हळूच पदराखाली घेते. "डायव्हरनं बघितलं नसंल," म्हणते.

साहेब, एकदा तिच्या शेजारी येऊन उभे राहा, आणि गाडी का थांबली नाही ते तुमच्या तोंडाने तिला सांगा.