पाच वाजताचं ऊन

मागच्या मे महिन्यात बाबा बाभुळगावहून भरदुपारी गाडी चालवत आले आणि अंगणातच कोसळले. ऊन लागलं होतं. अंग भट्टीसारखं, आणि घामाचा थेंब नाही. पुन्हा असं झालं तर वाचवणं कठीण, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हापासून ते उन्हातून आले की मी आधी त्यांच्या मानेला हात लावून घाम पाहते.

आणि ह्या माणसाला जैसलमेरचं वाळवंट पाहायचं होतं! तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, वाळवंट मात्र फळ्यावरच काढलं, हे त्यांचं पालुपद. शेवटी मी हरले. होळीच्या आधीची तारीख धरली आणि यवतमाळच्या घरात बसून वहीत दिवस आखला. आपली उन्हाळ्यातली रीतच लिहिली. दहाच्या आत किल्ला. मग खोलीत, पडदे लावून. पाच वाजता वाळूच्या टेकड्या. खिशात कांदा, कानाला दुपट्टा, मीठ-साखरेच्या पाण्याच्या दोन बाटल्या.

"काहून व, सहलीले चाल्लो का लढाईले?" बाबा म्हणाले.

"हसा! मले नाही हसू येत."

सकाळ वहीप्रमाणे पार पडली. पाचला जीपवाल्याने आम्हाला टेकड्यांपाशी सोडलं आणि सातला येतो म्हणून निघून गेला. यवतमाळात त्या वेळी ऊन कलतं. इथं ते तोंडासमोर ठाण मांडून होतं. आडोशाला झाडसुद्धा नाही.

"इकडे सूर्य अर्धा तास उशिरा मावळते," बाबा शांतपणे म्हणाले. "इचारलं असतं तर सांगतलं असतं. भूगोलाच्या मास्तरची पोरगी तू!"

मी चिडून बाटली त्यांच्या हातात कोंबली. दर दोन मिनिटांनी त्यांच्या मानेला हात लावून पाहत होते. घाम आहे ना? आहे. पुन्हा पाहिलं. आहे. दोन्ही बाटल्या त्यांनाच पाजल्या. मी स्वतः सकाळच्या चहानंतर काही प्यायलेच नव्हते. वहीत सगळं बाबांचं होतं, माझी एक ओळ नव्हती.

वाळू एकदम डोळ्यांसमोर वर आली. एवढंच आठवतं.

डोळे उघडले तेव्हा डोक्यावर त्यांचा दुपट्टा होता आणि एक उंटवाला माझ्या तोंडात पाणी घालत होता. बाबा माझ्या जवळ बसले होते, वाळवंटाकडे आणि सूर्याकडे पाठ करून, त्यांची सावली माझ्या तोंडावर पडेल असे. उघडं डोकं, सगळं ऊन पाठीवर.

"बाबा, उन्हात नका बसू. उठा ना," मी रडत होते. मला हातही उचलता येत नव्हता, त्यांच्या मानेला लावायला.

"नाही उठत, जाय," ते म्हणाले. आवाज कापत होता. मागच्या मे महिन्यात माझा कापत होता तसाच.

सूर्य मावळेपर्यंत ते हलले नाहीत. तो मावळला, हेही त्यांना उंटवाल्याने सांगितलं.