बांधीतलं सारसाचं घर

आमच्या गावाला लागून साग-मोहाचं जंगल आहे. जंगल संपतं तिथं देवका काकूंची धानाची बांधी सुरू होते. यंदा त्या भरल्या हिरव्या धानात मधोमध एक गोल तसाच राहिला होता, तणासकट. निंदायला आलेल्या बायांचं गाणं एरवी पार सडकेपर्यंत ऐकू येतं. पण त्या गोलाजवळ आल्या की साऱ्या गप्प होत.

"काकू, एवढा तुकडा वाया घालवला?" मी विचारलं.

"वाया कायचा? तो सारसाचा घर आहे जी," काकू हळूच म्हणाल्या. "अंड्यावर बसली आहे ते. आपल्या गान्यानं उठन."

माणसाएवढा उंच हा पक्षी आता आमच्या भागात मोजक्याच गावांत उरलाय. त्याला वाचवायचं म्हणजे कुंपण, पाट्या, पहारेकरी, असं मला आपलं वाटायचं. इथं त्याची राखण नुसत्या मिटलेल्या तोंडांनी चालली होती!

परवा सकाळी मी धुऱ्यावर, बांधीच्या कडेच्या बांधावर, उभी होते. तणातून एक लाल डोकं वर आलं, मग दुसरं. त्यांच्या लांब पायांमधून एक तांबूस पिल्लू धडपडत पाण्यात उतरलं. वाकलेल्या बाया एकदम ताठ झाल्या. सारसांच्या जोडीनं माना आभाळाकडे केल्या आणि अशी ललकारी दिली, की जंगल घुमलं.

"आता म्हना वं!" काकू ओरडल्या.

इतके दिवस गिळलेलं गाणं बायांनी असं सोडलं, की सारसांना पुन्हा एकदा ललकारावं लागलं.